अकरा नंबरचा क्यूब

मारुंजीच्या रस्त्याला, टेम्पो दुरुस्तीच्या गाळ्यांमागं, पत्र्याच्या शेडमध्ये काँक्रीट फोडून बघण्याची एक प्रयोगशाळा आहे. कुठंही स्लॅब ओतला की त्यातलंच थोडं काँक्रीट लोखंडी साच्यात भरून ठेवतात. वितीपेक्षा लहान असा चौकोनी ठोकळा तयार होतो; त्याला सगळे क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवस तो पाण्याच्या टाकीत पडून राहतो आणि मग मशीनच्या दोन जबड्यांत जातो. किती दाबाला फुटला तो आकडा रजिस्टरात चढतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर इमारतीचे पुढचे मजले.

हे दाबायचं काम चाँदभाई पिंजारी सत्तावीस वर्षं करत होते. राहायला पौडला. वडील पौडच्या बाजारात गाद्यांचा कापूस पिंजायचे. पिंजायच्या धनुकलीची ताणलेली तात तुटायच्या आधी तिचा आवाज बदलतो, हे चाँदभाईंना शाळेत जायच्या आधी कळलं होतं. तात तुटली तर गालावर वळ उठतो, म्हणून वडील काम करताना त्यांना शेजारी बसवायचे आणि आवाज बदलला की सांगायला लावायचे. पुढं गाद्या कारखान्यातून यायला लागल्या, धनुकली माळ्यावर गेली, पण कान राहिला.

तोच कान मशीनपाशी कामाला आला. साइटवरचे नवे इंजिनियर गंमत म्हणून त्यांना मशीनकडं पाठ करून उभं करत. दाब चढत जाई, चाँदभाई मान खाली घालून ऐकत राहत, आणि एका क्षणी म्हणत, "आलं." मग दोन श्वासांत क्यूब फुटे. चाँदभाईचा आकडा म्हटला की मुळशी तालुक्यात कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. त्यांची बायको नूरजहाँ म्हणायची, दगडाचं ऐकू येतंया, माझं तेवढं येत न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात किमया त्यांच्याकडं आली. ती परभणीकडची. हिंजवडीत एका कंपनीत इमारतींच्या गणिताचं सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी पीएच.डी.चं काम. प्रयोगशाळेचा मालक मनीष तिच्या कॉलेजातला. त्यानं सवलतीत मशीन वापरू दिलं होतं. पहिल्याच दिवशी चाँदभाईंनी तिला विचारलं की म्याडम, आकडा तर आमी देतो, मग तुमी काय शोधताय? ती म्हणाली, फुटण्याच्या आधी काँक्रीट आतून किती फुटलेलं असतं, ते.

चाँदभाईंना हा प्रश्न फार आवडला. सत्तावीस वर्षांत तो त्यांना कुणी विचारला नव्हता.

तिनं चहाच्या टेबलावर कागद ओढून समजावलं. काँक्रीटच्या हानीला तिच्या गणितात एक अक्षर होतं, डी. डी शून्य असेल तर माल कोरा, डी एक झाला की संपला. मधला सगळा रस्ता समीकरणानं पकडायचा. कल्पना करा, की क्यूबमध्ये लाखो धागे आहेत. ताण वाढला की कमजोर धागे आधी तुटतात, त्यांचं ओझं उरलेल्यांवर येतं, मग त्यातले आणखी काही तुटतात.

"म्हंजी दोरखंड," चाँदभाई म्हणाले.

"दोरखंडच, काका."

तुटलेला पीळ काय परत जुळत नसतो, असं चाँदभाई म्हणाले तेव्हा ती हसली. तिच्या समीकरणातही तसंच होतं. डी वाढायचा, कमी कधीच व्हायचा नाही. शिवाय आणखी एक अक्षर होतं. काँक्रीटनं आजवर सोसलेला सगळ्यात मोठा ताण त्यात साठवून ठेवायचा. नवा ताण त्याच्या आत राहिला तर नवीन काही तुटत नाही, म्हणून आतून आवाजही येत नाही. त्याच्या पुढं गेला की धागे पुन्हा तुटायला लागतात. साच्यातून काढलेला क्यूब कोरा, म्हणून त्याच्यासाठी या अक्षराची सुरुवात शून्यापासून.

चाँदभाईंनी मान डोलावली. डोक्याला ते कळलं. हाताला कळलं नव्हतं, हे पुढं दिसलं.

तिचे चोवीस क्यूब होते. आठवडाभर ती ऑफिसात असायची, म्हणून दाबायचं काम तिनं चाँदभाईंवर सोपवलं. प्रत्येक क्यूबला ग्रीस लावून नाण्याएवढे चार सेन्सर चिकटवायचे, लॅपटॉप चालू करायचा, मशीन चालवायचं. आत एखादा धागा तुटला की पडद्यावर एक ठिपका. सूचना एवढीच होती की एका क्यूबला एकच फाईल, नंबर टाकून.

जून-जुलैचे दिवस. मारुंजीत लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. रस्त्याच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर आठवड्यातून दोनदा आवाज करून बसायचा. क्यूब अर्धा दाबून झालेला असताना लाईट गेली तर काय करायचं याची शेडमध्ये जुनी पद्धत होती. झडप उघडायची, दाब उतरू द्यायचा, चहा प्यायचा. लाईट आली की तोच क्यूब परत शून्यापासून दाबायचा. न फुटलेला क्यूब म्हणजे न तपासलेला क्यूब, असाच सगळ्यांचा हिशेब. यात लबाडी नव्हती. चाँदभाईंनी किती वेळा पडताळून पाहिलं होतं. एकदा दाबलेला काय नि दोनदा दाबलेला काय, क्यूब फुटायचा आकडा जवळपास तोच येतो. म्हणून लाईट गेल्याची नोंद कुणी करत नसे. रजिस्टरात शेऱ्याचा एक रकाना होता, तो सत्तावीस वर्षं कोराच.

किमयाच्या क्यूबलाही त्यांनी तेच केलं. अर्धवट फाईल पुसली, कारण एका क्यूबला एकच फाईल. लाईट आल्यावर दुसरी उघडली आणि तोच नंबर टाकला.

ऑगस्टमध्ये किमया सगळ्या फाईली मांडून बसली तेव्हा तिला दोन जाती दिसल्या. पंधरा क्यूब निम्म्या दाबाच्या आतच कुजबुजायला लागलेले. नऊ मात्र फुटायला आले तरी गप्प, आणि शेवटी एकदम सगळं बोललेले. एकाच मालाचे, एकाच दिवशी भरलेले क्यूब, मग असं का? तिनं चाँदभाईंना विचारलं. त्यांना त्या क्षणी लाईट आठवली नाही. भरताना सळईनं ठासण्यात कमीजास्त होतं, एवढं ते म्हणाले. आणि मग मोठ्या माणसाच्या ऐटीत आणखी एक वाक्य बोलून गेले.

"चांगलं काँक्रीट उशिरा बोलतं, म्याडम."

किमयानं ते वहीत लिहून घेतलं. नऊ गप्प क्यूब तिनं चांगले धरले, आणि त्यातला सगळ्यात गप्प, अकरा नंबरचा, निरोगी काँक्रीटचं माप म्हणून मॉडेलमध्ये बसवला.

नोव्हेंबरात हैबतरावांचं काम आलं. पौडच्या अलीकडं त्यांचं मंगल कार्यालय. तिथं कुणाचंही लग्न असो, पंगत त्याच हॉलात बसायची. हॉलच्या एका अंगाला वर गॅलरी होती, बारा मीटर लांब, दीड मीटर रुंद, खाली एकही खांब नाही. भिंतीतून नुसती बाहेर आलेली. हिंदूंच्या लग्नात तिथून फोटोग्राफर आणि पोरंटोरं बघायची. मुसलमानांच्या निकाहात बायका तिथंच बसायच्या. गॅलरीच्या फरशीत भिंतीलगत एक रेघ उमटली होती. हैबतरावांनी ती पांढऱ्या सिमेंटनं दोनदा भरली, दोनदा ती परत उघडली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत ती यायला लागली, तसं त्यांनी मनीषला बोलावलं. भिंतीवर लावायला एक कागद हवा होता. येत्या रविवारी जस्मीनचा निकाह होता, त्याच्या आत.

जस्मीन म्हणजे चाँदभाईंच्या गल्लीतल्या शहनवाजची मुलगी.

पद्धत ठरलेली होती. गच्च भरलेल्या गॅलरीचं जे वजन होईल ते आणि वर त्याचा पाव हिस्सा एवढा भार ठेवायचा. एक दिवस राहू द्यायचा, गॅलरी किती वाकते ते मोजायचं, मग भार उतरवायचा. बुधवारी सकाळी छप्पन्न निळे ड्रम वर मांडले आणि पाइपनं पाणी सोडलं. खाली लोखंडी पहाड, म्हणजे परांची, बांधली होती, गॅलरीपासून दोन बोटं खाली; पडलीच तर तिच्यावर पडावी म्हणून. किमयानं रजा काढली होती. सॉफ्टवेअरबाहेरच्या खऱ्या इमारतीवर तिचं मॉडेल पहिल्यांदाच लागणार होतं. सेन्सर तिनं गॅलरीच्या मुळाशी, भिंतीला लागून, खालच्या अंगानं चिकटवले.

दहाला सुरू झालेलं भरणं दोनला संपलं. पडद्यावर ठिपका नाही. गॅलरी वाकली ती मापात. चाँदभाई पहाडीवर चढून सळईचा हातभर तुकडा मुळाशी टेकवून बसले होते, दुसरं टोक कानाला. वाहनांचे मेस्त्री इंजिनचं ऐकतात तसं. सळईतून काही येत नव्हतं. वर ड्रममध्ये पाणी पडल्याचा घुमारा, आणि त्याच्या खाली काहीच नाही.

ही शांतता त्यांना ओळखीची वाटली. नव्या काँक्रीटची शांतता अशी नसते. नवं काँक्रीट पहिल्या ओझ्याला कुरकुरतं, नव्या चपलेसारखं. इथं कुरकुरही नव्हती.

ते खाली उतरले. हैबतराव खुर्ची टाकून बसले होते. चाँदभाईंनी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की बांधकामाच्या वेळी वर काही ठेवलं होतं का? हैबतरावांना तो प्रश्न म्हणजे शाबासकीच वाटली.

"आवो, सगळ्या हॉलची फरशी वर रचली हुती. गुडघ्याच्या वर थप्पी. पाच म्हयने. एक कण हालला न्हाई."

गुडघ्याच्या वर फरशीची थप्पी म्हणजे आजच्या पाण्याच्या दीडपट वजन तरी. चाँदभाईंनी मनात ते मांडलं आणि पुन्हा वर गॅलरीकडं बघितलं. एवढ्यात किमयानं हाक मारली. तिचा चेहरा उजळला होता. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक आजची गॅलरी, दुसरी मॉडेलमधली. एकीवर एक बसलेल्या.

"काका, बघा. हुबेहूब तुमचा अकरा नंबर."

आणि चाँदभाईंना अकरा नंबर आठवला. जुलैचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. आकडा पाचशे वीसवर होता आणि लाईट गेली. झडप उघडतानाच मुलीचा, मन्तशाचा फोन आला. ती फार्मसीची परीक्षा पास झाली होती. त्या आनंदात त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्यांना चहा पाजला. तासानं लाईट आली. पाचशे वीस सोसलेला क्यूब त्यांनी कोरा म्हणून पुन्हा जबड्यांत ठेवला. पाचशे विसापर्यंत तो गप्प राहिला, कारण तेवढं त्यानं आधीच सोसलं होतं. जे तुटायचं ते चहाच्या आधीच तुटलं होतं.

ही गॅलरीही तशीच गप्प होती. मॉडेल तिला निरोगी म्हणत होतं. मॉडेलला निरोगी म्हणजे काय, ते चाँदभाईंच्या हातानं शिकवलं होतं.

"चाँदभाई, तुमचा कान काय म्हणतो?" मनीषनं सगळ्यांच्या देखत विचारलं. हैबतराव वळून बघू लागले. त्यांना कागदापेक्षा या उत्तराचा भरवसा जास्त होता.

"आवाज न्हाई," चाँदभाई म्हणाले.

शब्द खरा होता. 

घरी आले तेव्हा नूरजहाँ दारात उजेडाला बसून रविवारच्या ओढणीला किनार लावत होती. निकाह कार्यालयातच. जस्मीनच्या आजीचा गुडघा दुखतो म्हणून तिला गॅलरीत पुढच्या रांगेत बसवायचं, शेजारी आपण बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. चाँदभाईंनी पाणी प्यायलं, तांब्या होता तिथं ठेवला, परत उचलला. खाली बसलीस तर न्हाई का चालणार, असं त्यांनी विचारलं.

"खाली बापे बसत्यात," ती म्हणाली. सुई थांबली. "का? काय झालं?"

त्यांनी तिला सांगितलं. लाईट, चहा, पुसलेल्या फाईली. सांगताना पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, की आकडा बरोबर हाय, एकसुद्धा आकडा खोटा लिवला न्हाई. ती ऐकत होती. तिला काँक्रीटमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या बोलण्यातली जागा बरोबर कळत होती.

"आकडा खरा हाय, तर मग मला खाली का बसवताय?"

 उद्या बोललो तर काय होईल, ते त्यांना एकेक करून सुचत गेलं. मनीष विचारेल, आजवर किती क्यूब असे दाबले? काय सांगणार? शंभर? हजार? त्यातल्या प्रत्येक इमारतीचा मालक फोन करेल. आकडा तोच येतो हे कुणाकुणाला पटवायचं? सत्तावीस वर्षांत माणसाकडं एकच वस्तू जमली होती, ती म्हणजे लोक दुसऱ्यांदा विचारत नसत.

गुरुवारी सकाळी ते कार्यालयावर पोचले तेव्हा मनीष दाखला छापूनच घेऊन आला होता. खाली दोन सह्या, एक त्याची आणि एक तपासणाऱ्याची. किमयाच्या मॉडेलचं एक रंगीत पान मागं जोडलं होतं. भार उतरवला, गॅलरी मापात परत आली की सही, आणि संपलं. मनीषनं पेन पुढं केलं, म्हणजे नंतर घाई नको. बाहेर आचाऱ्याची माणसं दुसऱ्या कुठल्यातरी पंगतीची भांडी घासत होती.

चाँदभाईंनी पेन घेतलं नाही. ते किमयाकडं वळले.

"पोरी, अकराव्या क्यूबची लाईट गेली हुती."

तिला आधी कळलं नाही. पेन तसंच पुढं धरून मनीष हसला.

"पाचशे वीसला गेली. मी परत शून्यापासनं दाबला. अकराच न्हाई, नऊच्या नऊ. चौथा पाचशेला. सातवा चारशे नव्वदला. तेरावा, सोळावा, एकोणिसावा, त्यांचंबी ध्यानात हाय. तीन क्यूबचं आठवत न्हाई मला. खोटं नको सांगायला."

 किमयानं एकच प्रश्न विचारला. आधीच्या अर्ध्या फाईली कुठं आहेत?

"पुसल्या."

ती खुर्चीवर बसली. पाच महिन्यांचं काम तिच्या डोळ्यांसमोर उलटं होत होतं, ते चाँदभाईंना दिसत होतं. ज्यांना तिनं चांगलं म्हटलं ते नऊ आधीच जखमी होते. ज्यांना कमजोर म्हटलं ते पंधरा कोरे. कुजबुजणारेच निरोगी होते. तिच्या मॉडेलमध्ये त्या एका अक्षराची सुरुवात शून्यापासून होती, आणि ते शून्य खोटं होतं.

मनीषचा आवाज बसला. हे आत्ता सांगताय, असं तो दोनदा म्हणाला. मग त्यानं चाँदभाईंना बाजूला घेतलं. नियमात आवाजबिवाज काही नाही, नियमात वाकणं आहे, आणि ते मापात आहे. किमयाचं पान काढून टाकू, दाखला तरीही खरा राहील. शेडची अब्रू तुमच्यावर आहे, चाँदभाई. तो ओरडला नाही, उलट फार हळू बोलला. तेच चाँदभाईंना जड गेलं.

हैबतराव मधे आले. त्यांना दोन्हीकडचं अर्धं अर्धं ऐकू आलं होतं.

"मला एक सांगा. माझी गॅलरी पास हाय का नापास?"

 मग किमया बसल्या जागेवरून म्हणाली की भरताना कळणार नव्हतंच. फरशीच्या थप्पीनं जे तोडायचं ते आधीच तोडलं असेल, तर पाण्यानं नवीन काही तुटणार नाही. उतरवताना कळेल. काँक्रीट आतून धड असेल तर भार निघताना ते गप्प राहतं. आत तडे असतील तर मिटताना त्यांच्या कडा एकमेकींवर घासतात.

"मग उतरवू की," हैबतराव म्हणाले. त्यांच्या आवाजातला कालचा मोकळेपणा गेला होता.

पंखे बंद केले. भांडी घासणाऱ्यांना थांबवलं. फाटकाशी माणूस उभा केला, गाडी आत येऊ नये म्हणून. पंप न लावता नुसत्या पाइपनं, खिडकीतून, दहा-दहा ड्रम रिकामे करायचे ठरले. चाँदभाई सळई घेऊन पहाडीवर चढले. किमयाचे डोळे पडद्यावर.

पहिले दहा ड्रम गेले. काही नाही. पाणी मागच्या अंगणात पडत होतं, तेवढाच आवाज. वीस गेले. मनीषनं घड्याळ पाहिलं. हैबतरावांनी खिशातून सुपारी काढली, पण तोंडात टाकली नाही. चाँदभाईंच्या मानेला रग लागली होती. एक विचार सारखा वर येत होता आणि ते त्याला खाली ढकलत होते: आवाज आला नाही तर मी नुसताच बुडालो, आणि आला तर. पुढचं वाक्य पुरं करायला त्यांना धीर होत नव्हता. गॅलरी धड निघावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ती धड निघाली तर आपण कुणालाच तोंड दाखवू शकणार नाही हेही कळत होतं.

तिसावा ड्रम अर्धा झाला तेव्हा सळईतून एक बारीक टिक आली.

चाँदभाईंनी डोळे मिटले. मधे बराच वेळ गेला. पुन्हा एक. मग दोन लागोपाठ. किमयानं लॅपटॉप मनीषकडं वळवला. पडद्यावर ठिपके पडत होते, सगळे भिंतीलगत, एका ओळीत. पाणी जसजसं कमी होत गेलं तसतसे ते वाढत गेले. ओझं हलकं होत होतं आणि गॅलरी बोलत होती.

"हैबतराव, वर या," चाँदभाई म्हणाले.

साठीचा जड माणूस, पहाडीवर चढताना दोनदा थांबला. चाँदभाईंनी त्यांच्या कानाला सळई लावली आणि तिचं दुसरं टोक स्वतः धरून ठेवलं. हैबतराव तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. खाली सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"उंदीर हाय का काय आत?"

"न्हाई. तडा हाय. मिटतोय."

हैबतराव आणखी थोडा वेळ ऐकत राहिले. मग सळई कानापासून काढली, पण हातातून सोडली नाही. वर जाऊन भिंतीलगतची एक फरशी उचला, असं त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं. फरशी निघाली, खालचा मसाला खरवडला. स्लॅबमध्ये भिंतीला धरून एक काळी रेघ गेली होती, फरशीवरच्या रेघेच्या बरोबर खाली. मनीषनं खिशातली पोलादी फुटपट्टी काढली आणि उभी धरून रेघेत घातली. तो ती आणखी ढकलणार होता, पण दोन बोटं आत गेल्यावर त्यानंच हात थांबवला.

दाखल्याचा कागद खुर्चीवर होता. तो त्यानं घडी करून खिशात ठेवला.

गॅलरीच्या जिन्याला हैबतरावांनी त्याच दुपारी कुलूप घातलं. रविवारी बायका खालीच बसल्या, हॉलच्या मधोमध पडदा लावून. जागा कमी पडली. जस्मीनच्या आजीला खांबाआड बसावं लागलं आणि तिला काझी दिसला नाही, म्हणून ती रुसली. नूरजहाँनं घरी येईपर्यंत ते चाँदभाईंना तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा सुरुवात केली आणि मधेच थांबून त्यांच्या ताटात वाढलं.

मनीषनं त्यांना कामावरून काढलं नाही. मशीनवरून काढलं. बाहेरच्या लोकांना काय सांगायचं ते ठरेपर्यंत तुम्ही टाकीकडं बघा, म्हणाला. चाँदभाई क्यूब पाण्यात सोडायचे, काढायचे, नंबर रंगवायचे. काही बिल्डरांचे फोन आले. एकानं शेड बदलली. साइटवरची पोरं आता त्यांना पाठ करून उभं राहायला सांगत नव्हती, नमस्कार करून मनीषकडं जात होती.

किमया दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली ती सरळ टाकीपाशी. सहा क्यूबचे आकडे तिला पुन्हा एकदा हवे होते, लाईट गेली त्या क्षणाचे. शून्याच्या जागी ते आकडे घालून ती सगळं गणित नव्यानं मांडत होती. आठवत नाहीत ते तीन क्यूब तिनं टाकून दिले होते. चाँदभाई सांगत गेले, ती लिहीत गेली. अकराशी आल्यावर त्यांनी पाचशे वीस म्हटलं, तेव्हा तिनं मान वर केली.

"नक्की ना, काका?"

पाचशे वीस त्यांना स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं. तरी त्यांनी थांबून पुन्हा आठवून पाहिलं. मन्तशाचा फोन, मशीनवरचा हिरवा आकडा.

"नक्की," ते म्हणाले.

ती गेल्यावर मनीष मशीनवर होता. कुठल्यातरी सोसायटीच्या जिन्याचे क्यूब. आकडा चारशेच्या पुढं गेला आणि लाईट गेली. मनीषनं झडप उघडली, दाब उतरू दिला आणि फोन बघत उभा राहिला. वीस मिनिटांनी दिवा लागला, पंप घुरघुरला. त्याचा हात बटणाकडं गेला. चाँदभाई टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.

"शेऱ्यात लिवा," ते म्हणाले. "चारशे तीस हुते."

मनीषनं त्यांच्याकडं पाहिलं, मग उघड्या रजिस्टराकडं. तो बराच वेळ टेबलावर पेन शोधत राहिला.